लिलावातील मोटारसायकल : बोलीपूर्वीची पारख आणि नंतरची नोंदणी

राज्यातील बहुतेक पोलीस ठाण्यांच्या आवारात भिंतीच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या धूळभरल्या मोटारसायकली दृष्टीस पडतात. त्यांतील काही चोरीच्या गुन्ह्यात हस्तगत केलेल्या असतात, काही अपघातात सापडलेल्या, तर काही रस्त्याच्या कडेला बेवारस मिळालेल्या असतात. शासकीय कार्यालयांच्या गोदामांतही निर्लेखनाची वाट पाहत उभी असलेली वाहने असतात. ठराविक काळाने या वाहनांचा जाहीर लिलाव होतो. नव्या मोटारसायकलीची किंमत ज्याच्या आवाक्याबाहेर आहे, पण हाताला यंत्राची सवय आहे, अशा ग्रामीण तरुणास हा लिलाव ही मोठी संधी वाटते. थोड्या पैशात मोडकी गाडी घ्यावी, सवडीने दुरुस्त करावी आणि शेतावर, नोकरीवर किंवा दूध घालण्यासाठी वापरावी, असा त्याचा साधा हिशेब असतो.

हा हिशेब अनेकदा यंत्रावर न अडता कागदावर अडतो. गाडी सुरू होते, रंग चढतो, नवे टायर बसतात. परंतु परिवहन कार्यालयात गेल्यावर ती कोणाच्याही नावावर होऊ शकत नाही असे कळते. साठविलेली पुंजी खर्ची पडलेली असते आणि गाडी अंगणातून बाहेर काढता येत नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळविणे आवश्यक ठरते. विकली जाणारी वस्तू कायद्याच्या दृष्टीने वाहन आहे की भंगार, हा पहिला प्रश्न. आणि वाहन असल्यास ते सुरक्षितपणे पुन्हा रस्त्यावर येऊ शकेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर दुसऱ्याकडे वळण्याचे कारणच उरत नाही.

लिलावाचे चार प्रकार

मोटारसायकली लिलावात येतात त्या मुख्यतः चार मार्गांनी, आणि प्रत्येक मार्गाचे नियम वेगळे आहेत.

पहिला मार्ग पोलिसांचा. मालक सापडत नाही अशा मालमत्तेबाबत दंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देतात. या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, तर ती मालमत्ता राज्य शासनाच्या अधीन होते व तिची विक्री करता येते. ही तरतूद पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४५७ व ४५८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली असून तिच्या कलम ५०३ व ५०४ मध्ये ती समाविष्ट आहे. खटल्यातील मुद्देमाल म्हणून जमा असलेल्या वाहनांचा प्रश्न निराळा होता. ही वाहने वर्षानुवर्षे उन्हापावसात कुजत पडत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात अशी वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काहीच अर्थ नसल्याचे स्पष्ट केले. योग्य हमी घेऊन ती परत करावीत आणि मालक किंवा विमा कंपनी पुढे न आल्यास न्यायालयाच्या आदेशाने त्यांचा लिलाव करावा, असे निर्देश न्यायालयाने दिले. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुद्देमालाचे वर्णन, छायाचित्रण आणि विल्हेवाट यांसाठी निश्चित मुदती घालून दिल्या आहेत.

दुसरा मार्ग शासकीय कार्यालये, स्थानिक संस्था व सार्वजनिक उपक्रम यांनी निर्लेखित केलेल्या वाहनांचा. यातील पुष्कळसे लिलाव आता संगणकीय पद्धतीने होतात. १९६४ मध्ये स्थापन झालेली एम.एस.टी.सी. ही केंद्र शासनाची कंपनी या कामात दीर्घकाळ आहे. या वर्गातील खरेदीदाराने एक महत्त्वाचा बदल ध्यानात ठेवला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती, परिवहन उपक्रम व स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर संपुष्टात येते आणि तिचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण व कायदा-सुव्यवस्था यांसाठीची काही विशेष वाहने एवढाच त्यास अपवाद आहे. अशी वाहने नोंदणीकृत मोडतोड केंद्रातच गेली पाहिजेत. म्हणजे पंचायत समितीची १५ वर्षे पूर्ण झालेली मोटारसायकल कितीही सुस्थितीत असली, तरी खरेदीदारास ती रस्त्यावर आणता येणार नाही.

तिसरा मार्ग विमा कंपन्यांचा. अपघातग्रस्त वाहनाच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर प्रचलित विमा नियमांनुसार ते वाहन पूर्ण नुकसानीत गेल्याचे मानले जाते. मालकास भरपाई दिली जाते आणि उरलेला सांगाडा विकला जातो. येथे नोंदणी प्रमाणपत्रासह विक्री आहे, की नोंदणी रद्द करून विक्री आहे, हे पाहणे अत्यावश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले असल्यास किंवा कायमचे निकामी झाले असल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून प्रमाणपत्र परत करावयाचे असते. ज्याची नोंदणी अशा रीतीने रद्द झाली आहे, ते वाहन रस्त्यासाठी घेण्याचा विचार सोडून द्यावा.

चौथा मार्ग बँका व वित्तसंस्थांचा. कर्ज थकल्यामुळे ताब्यात घेतलेल्या मोटारसायकली बहुधा सुस्थितीत असतात. मात्र हा शासनाने केलेला लिलाव नसल्यामुळे त्यास शासकीय लिलावाची नोंदणीपद्धत लागू होत नाही. वित्तसंस्थेने प्रथम नमुना ३६ मध्ये अर्ज करून आपल्या नावे नवे प्रमाणपत्र घेतले आहे काय, किंवा मूळ मालकाच्या सह्यांचे हस्तांतरणाचे अर्ज आणि कर्जबोजा उतरविल्याचा नमुना ३५ उपलब्ध आहे काय, हे बोलीपूर्वीच विचारून घ्यावे.

नियम ५७ चे महत्त्व

शासनाने किंवा शासनाच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावात वाहन घेणाऱ्याचा हक्क मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० मध्ये मान्य केलेला आहे. त्याची कार्यपद्धती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ५७ मध्ये आहे. वाहन ताब्यात मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत खरेदीदाराने नमुना ३२ मध्ये अर्ज करावयाचा असतो. त्यासोबत विहित शुल्क, नोंदणी प्रमाणपत्र, विमा प्रमाणपत्र, लिलाव करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचे विक्री कायम झाल्याचे प्रमाणपत्र किंवा आदेश, आणि लिलावास मंजुरी देणाऱ्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

पोलिसांनी विकलेल्या मोटारसायकलीस अनेकदा क्रमांकपट्टीच नसते, किंवा असलेला क्रमांक पडताळणीत खोटा ठरतो. अशा वाहनासाठीही याच नियमात मार्ग आहे. नोंदणी प्राधिकारी त्या वाहनास लिलाव करणाऱ्या शासकीय खात्याच्या नावे नवा नोंदणी क्रमांक देतात आणि त्यानंतर खरेदीदाराच्या नावे हस्तांतरणाची नोंद करतात. जुनी पुस्तिका नाही म्हणजे सारे संपले, असे यावरून समजण्याचे कारण नाही. मात्र हा मार्ग खुला राहण्यासाठी विक्रीच्या आदेशात ती वस्तू ‘वाहन’ म्हणून विकल्याचे नमूद असले पाहिजे आणि चासी क्रमांक व इंजिन क्रमांक स्पष्ट लिहिलेले असले पाहिजेत. लिलावाच्या अटींत ‘भंगार म्हणून’, ‘मोडतोडीसाठी’ किंवा ‘नोंदणीविना’ असे शब्द असतील, तर नियम ५७ चा आधार घेता येणार नाही. दहावीस मोटारसायकलींचा एकच गट करून विक्री होते, तेव्हा बहुधा हाच प्रकार असतो.

वाहन दुसऱ्या राज्यात नोंदलेले असेल, तर त्या राज्याच्या प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कराचा भरणा यांचा विचार करावा लागतो. जुन्या हस्तलिखित पुस्तिकेची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत झालेली नसेल, तर ती प्रथम करून घ्यावी लागते.

क्रमांकाची पडताळणी

मोटारसायकलीची ओळख तिच्या रंगावरून किंवा क्रमांकपट्टीवरून ठरत नाही. ती सांगाड्यावर ठोकलेल्या चासी क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक बहुतेक गाड्यांत हँडलच्या खालच्या नळीवर असतो. अलीकडील वाहनांत तो १७ चिन्हांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती १ व ० या अंकांशी मिसळण्याचा संभव असतो. भारतात बनलेल्या गाडीचा क्रमांक एम या अक्षराने सुरू होतो. पाहणीच्या वेळी फडक्याने व थोड्या रॉकेलने जागा स्वच्छ करून क्रमांक वाचावा. कानशीने घासल्याच्या खुणा, आजूबाजूपेक्षा जाड रंगाचा थर, अंकांची कमीअधिक खोली किंवा वेडीवाकडी ओळ आढळल्यास ती गाडी सोडून द्यावी.

या दक्षतेचे कारण गंभीर आहे. अपघातात चुरा झालेल्या गाडीची कागदपत्रे विकत घेऊन तिचा क्रमांक चोरीच्या गाडीवर ठोकण्याचा प्रकार हा वाहनचोरीच्या धंद्यातील परिचित मार्ग आहे. खाजगी मध्यस्थाकडून ‘लिलावातील गाडी’ म्हणून स्वस्तात मिळणारी मोटारसायकल या वर्गातील असू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या ‘वाहन समन्वय’ या सोयीद्वारे चोरीस गेलेल्या व सापडलेल्या वाहनांच्या नोंदींशी क्रमांक ताडून पाहता येतो. परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदींत वाहनाचा वर्ग, नोंदणीचा दिनांक, कर्जबोजा आणि विम्याची मुदत समजते. पाहणीच्या दिवशी टिपून आणलेले क्रमांक बोलीपूर्वी या दोन्ही ठिकाणी तपासून घ्यावेत.

ज्या गाडीची कधी नोंदणीच झालेली नाही, तिच्याबाबत आणखी एक अडचण उद्भवते. पूर, आग किंवा वाहतुकीतील अपघात यामुळे नवीन पण नोंदणीपूर्वीच नुकसान झालेली मोटारसायकल कधी कधी विक्रीस येते. ती भारत स्टेज चार किंवा त्यापूर्वीच्या प्रदूषण मानकाची असेल, तर आता तिची प्रथम नोंदणी होत नाही. कारण १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले आहे. अशी गाडी दिसावयास कोरी असली, तरी रस्त्याच्या दृष्टीने निरुपयोगीच समजावी.

यंत्राची पारख

लिलाव ‘जिथे आहे, जशी आहे’ या तत्त्वावर होतो. विक्रीनंतर दोष आढळला, तर त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर राहत नाही. गाडी सुरू करून पाहण्याची मुभा बहुधा नसते. म्हणून पाहणीचा दिवस हाच खरेदीदाराचा खरा दिवस होय. सोबत जाणता कारागीर, विजेरी, दोरी, मोजपट्टी आणि वही असावी.

सर्वांत आधी सांगाडा पाहावा. इंजिन बदलता येते, टाकी ठोकून सरळ करता येते. परंतु वाकलेला किंवा चिरलेला सांगाडा हा जिवाशी खेळ ठरतो. समोरून धडक बसलेल्या गाडीत हँडलच्या नळीखाली, जेथे पुढच्या नळ्या जोडलेल्या असतात, तेथील रंगास बारीक भेगा पडलेल्या किंवा सुरकुत्या आलेल्या दिसतात. या जागी पुन्हा वेल्डिंग केलेले आढळल्यास पुढील तपासणी करण्याचे प्रयोजन नाही. सांगाडा व चाके एका रेषेत आहेत की नाहीत हे दोरीने समजते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत ताणून धराव्यात. पुढचे चाक सरळ ठेवले असता त्याच्या दोन्ही बाजूंस दोरीपर्यंतचे अंतर सारखे आले पाहिजे. अंतरात लक्षणीय फरक असेल, तर चाक, फोर्क, मागचा दांडा किंवा सांगाडा यांपैकी काहीतरी वाकलेले आहे.

हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावे. मध्यभागी ते खाचेत अडकल्यासारखे वाटल्यास तेथील छऱ्यांच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत असे समजावे. हा दोष कमी खर्चात दूर होतो. पुढच्या फोर्कच्या नळ्या बाजूने नजर लावून पाहाव्यात. वाक असल्यास त्या बदलाव्या लागतात. मागचे चाक आडवे हलवून पाहिल्यास मागच्या दांड्याच्या बुशांची झीज समजते. चाके उचलून फिरवली असता रिमचा डगमग दिसतो. आऱ्यांचे रिम सरळ करता येते, मात्र तडा गेलेले ओतीव मिश्रधातूचे चाक बदलावेच लागते. टायरच्या बाजूस कोरलेल्या खुणांतील शेवटच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर व नळ्या बदलण्याचा खर्च धरूनच चालावे.

इंजिनाबाबत पहिली चाचणी किकची. किक दाबताना योग्य प्रतिकार जाणवला, तर पिस्टन व व्हॉल्व्ह बऱ्या स्थितीत असण्याचा संभव आहे. किक मुळीच खाली जात नसेल, तर इंजिन जाम आहे. आणि ती अगदी सहज खाली जात असेल, तर दाब उरलेला नाही किंवा किकचा दाता तुटला आहे. मागचे चाक फिरवत गिअर बदलून पाहावेत. साखळीच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकलेले असल्यास चक्रे व साखळी एकत्रच बदलावी लागतात. २०२० नंतरच्या गाड्यांत इंधन सोडण्याचे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असते. तो नियंत्रक, त्याचे संवेदक किंवा मूळ कुलूप गायब असेल, तर गाडी स्वस्त मिळूनही दुरुस्ती महाग पडते.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे. २६ जुलै २००५ ची मुंबईतील अतिवृष्टी, २०१९ मधील कोल्हापूर व सांगली येथील महापूर आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर या आपत्तींत असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. आसनाखाली, दिव्याच्या काचेत व हवा गाळणीच्या पेटीत चिखलाची रेषा, बोल्टांच्या खाचांत गाळ आणि दुधाळ झालेले इंजिन तेल ही बुडाल्याची लक्षणे होत. अशा गाडीस किक मारण्याचा मोह टाळावा. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोराने वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे बिघडते.

बोलीची मर्यादा

लिलावाच्या मैदानावर चढाओढीने माणसाचे भान सुटते. भंगार व्यापारी धातूच्या वजनावर बोली लावतो आणि सुटे भाग विकणारा भागांच्या किमतीवर; वापरासाठी घेणाऱ्याचा हिशेब या दोहोंहून वेगळा आहे. त्याने चालू स्थितीतील तशाच गाडीच्या बाजारभावापासून उलट मोजत यावे. समजा, त्याच वर्षाची चालू गाडी आसपास ३०,००० रुपयांस मिळते. सुटे भाग व मजुरी यांचा अंदाज १४,००० रुपये. वाहतूक, हस्तांतरण, नूतनीकरण व विमा यांसाठी ६,००० रुपये. आणि इंजिन उघडल्यावर निघणाऱ्या दोषांसाठी दुरुस्तीच्या अंदाजाचा चौथा हिस्सा, म्हणजे ३,५०० रुपये. ही वजावट करता ६,५०० रुपये उरतात. लिलावावरील करांसह हीच बोलीची कमाल मर्यादा होय. यापुढे गेल्यास चालू गाडी विकत घेणे अधिक फायद्याचे ठरते. ही मर्यादा घरीच कागदावर लिहून न्यावी.

अटींतील अनामत रक्कम, पूर्ण रक्कम भरण्याची मुदत व गाडी उचलण्याची मुदत काळजीपूर्वक वाचावी. मुदत टळल्यास अनामत जप्त होऊ शकते. गाडी लिलावस्थळावरून चालवत नेऊ नये. तिचा विमा व नोंदणी चालू नसते, शिवाय ब्रेकचा भरवसा नसतो. ती टेम्पोतूनच न्यावी.

दुरुस्तीचा क्रम

गाडी घरी आल्यावर अनेकजण प्रथम रंगाकडे वळतात. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रथम कागद, नंतर सांगाडा, त्यानंतर ब्रेक व चाके, मग इंजिन व वायरिंग, आणि शेवटी रंग. हस्तांतरणाचा अर्ज ३० दिवसांत करावयाचा असल्याने तो दुरुस्ती पूर्ण होण्याची वाट न पाहता दाखल करावा. मोटार वाहन निरीक्षकास क्रमांक पाहता यावा, यासाठी तोवर सांगाड्यास रंग देऊ नये.

प्रत्येक भाग उघडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवावेत. बराच काळ उभ्या असलेल्या इंजिनाचा प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक दिवस मुरू द्यावे आणि मगच हाताने सावकाश फिरवावे. जुने पेट्रोल व इंजिन तेल पूर्णपणे काढून टाकावे. गंजलेल्या पेट्रोल टाकीस वेल्डिंग करण्यापूर्वी ती नीट धुऊन वाफरहित केलेली असली पाहिजे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफेचा स्फोट होऊन प्राणहानी होऊ शकते. ब्रेकचे पट्टे, ब्रेकच्या तारा, टायर आणि हँडलचे छरे हे भाग जुने वापरू नयेत.

इंजिन बदलावयाचे झाल्यास किंवा मूळ रचनेत फेरफार करावयाचा झाल्यास अधिनियमाच्या कलम ५२ चे बंधन आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल परवानगीविना करता येत नाही. दुसऱ्या इंजिनाची खरेदी पावतीसह करावी, कारण निरीक्षकास त्याचाही क्रमांक पडताळावा लागतो.

रस्त्यावर येण्यापूर्वी

खाजगी मोटारसायकलीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी आणि त्यानंतर दर खेपेस ५ वर्षांसाठी असते. नूतनीकरणासाठी वाहन निरीक्षणास न्यावे लागते. मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाले, आणि २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खाजगी वाहनांस पर्यावरण करही भरावा लागतो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी यांचीही पूर्तता करावी लागते.

सर्वांत महत्त्वाचा विषय विम्याचा. कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा असल्याशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर याच्या पहिल्या भंगासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मात्र दंडापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. विनाविमा मोटारसायकलीने पादचाऱ्यास इजा झाली, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई मालकाच्या घरादारातून वसूल होऊ शकते आणि जखमी माणसाच्या हाती काही पडण्याची शाश्वती राहत नाही.

जुन्या बनावटीच्या गाड्यांचा छंद असणाऱ्यांसाठी थोडी वेगळी सोय आहे. म्हैसूर येथे १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जावा व येझदी, एकेकाळी दूध व्यावसायिकांची आवडती असलेली राजदूत, किंवा मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेली एनफील्ड या गाड्या आजही हौसेने दुरुस्त केल्या जातात. २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकीस विशेष नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे ठेवण्यात आली. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, देखभाल यांसारख्या प्रसंगीच रस्त्यावर आणता येते. सांगाडा वा इंजिन यात मोठा फेरफार केलेली गाडी या सवलतीस पात्र ठरत नाही.

लिलाव करणाऱ्या कार्यालयाचे कर्तव्य

खरेदीदाराची पुढील वाट सुकर होणे किंवा अडणे हे पुष्कळ अंशी लिलाव करणाऱ्या कार्यालयाच्या कागदावर अवलंबून असते. लिलावापूर्वी प्रत्येक वाहनाचा चासी व इंजिन क्रमांक परिवहन कार्यालयामार्फत पडताळून यादीत छापावा. वाहन रस्त्यासाठी विकले जात आहे की मोडतोडीसाठी, हे प्रत्येक क्रमांकापुढे स्पष्ट लिहावे. विक्रीच्या आदेशावर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, दिनांक व शिक्का असावा आणि मंजुरी आदेशाची प्रमाणित प्रत गाडीच्या ताब्यासोबतच द्यावी. ही प्रत पुढे मागण्यास गेलेल्या नागरिकास बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा शोध घेत फिरावे लागू नये.

यात कार्यालयाचेही हित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावे आहे, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक समजला जाईल. वाहन पुढे किती जणांना विकले गेले, यास महत्त्व नाही. निर्लेखित मोटारसायकल विकून टाकली, पण नाव बदलले नाही, तर त्या वाहनाची जबाबदारी कार्यालयाच्या नावावरच राहते. नमुना ३२ चा अर्ज दाखल झाल्याची पोच खरेदीदाराकडून मागविणे म्हणून उपयुक्त ठरते.

भंगार म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचाही सदुपयोग आहे. नोंदणीकृत मोडतोड केंद्रात वाहन दिल्यास नोंदणीकृत मालकास जमा प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्या आधारे नव्या खाजगी वाहनाच्या करात राज्यांनी २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, अशी तरतूद २०२१ मध्ये करण्यात आली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तांत्रिक शाळा यांच्या कार्यशाळेत नोंदणी रद्द झालेली मोटारसायकल हे उत्तम शैक्षणिक साधन ठरते. रस्त्यावर न्यावयाची नसल्याने ती विद्यार्थ्यांना निर्धास्तपणे उघडता व जोडता येते.

लिलावाच्या सूचना तहसील, पोलीस ठाणे व पंचायत कार्यालयांच्या फलकांवर लागतात आणि वृत्तपत्रांतही येतात. त्या वाचून गावातील तरुण सल्ला विचारावयास येतो, तो बहुधा शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे. त्यास सूचनेतील अटी वाचून दाखवाव्यात. वस्तू वाहन म्हणून विकली जात आहे काय, आदेशात क्रमांक आहेत काय आणि सांगाडा शाबूत आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्याच्या कौशल्यातून एक उपयुक्त वाहन उभे राहील. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर बोली न लावण्याचा सल्ला देणे हेच त्याच्या हिताचे आहे.